मिनी ट्रॅक्टरच्या लोडरला बकेट किती मोठी असावी?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतीच्या यांत्रिकीकरणाचा विचार होऊ लागला की चर्चा बहुधा ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीभोवती फिरते. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, त्याची किंमत किती, अनुदान किती, हे प्रश्न सर्वजण विचारतात. ट्रॅक्टरच्या पुढे बसविल्या जाणाऱ्या लोडरची बकेट किती मापाची असावी, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वेल्डिंगच्या दुकानात तयार असेल ती बकेट, किंवा शेजारच्या गावी पाहिली तशी बकेट, एवढ्यावर निर्णय होतो. त्यातही “घ्यायचीच तर मोठी घ्यावी” हा विचार बळावतो. हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. बकेटच्या मापावर शेतकऱ्याचा पैसा, ट्रॅक्टरचे आयुष्य आणि चालकाचा जीव या तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

जालन्याची गरज

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे त्याचे आठ तालुके आहेत. पूर्णा, दुधना, गिरिजा, कुंडलिका या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा जिल्हा दुष्काळाशी जुन्या परिचयाचा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील जलाशय कोरडे पडले आणि तळाशी साचलेल्या गाळाकडे सर्वांचे लक्ष गेले. जालना शहराला पाणी पुरविणाऱ्या निजामकालीन घाणेवाडी जलाशयातील गाळ लोकसहभागातून काढण्याचे काम त्याच सुमारास गाजले. पुढे २०१७ मध्ये राज्य शासनाने “गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार” ही योजना आणली, आणि २०२३ मध्ये तिला नव्याने चालना देण्यात आली. तलावातला गाळ काढावा आणि तो हलक्या जमिनीवर पसरावा, हे तिचे साधे सूत्र आहे.

गाळ काढण्याचे काम पोकलेन करते आणि वाहण्याचे काम टिप्पर करतात. टिप्पर शेताच्या धुऱ्यापर्यंत येतो, ढीग टाकतो आणि निघून जातो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. मोसंबीच्या बागेत साधारणपणे ६ मीटर अंतरावर झाडे असतात; द्राक्षबागेत दोन ओळींतील अंतर ९ ते १० फूटच असते. तेथे मोठे यंत्र शिरले तर फांद्या मोडतात, मुळ्या दबतात, तारा तुटतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जालना तालुक्यातील कडवंची या गावाने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन आणि पुढे शेततळ्यांची जोड यांच्या बळावर कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या केल्या. अशा बागांमधून वावरणारे यंत्र म्हणजे मिनी ट्रॅक्टर. धुऱ्यावरचा गाळ, उकिरड्यावरचे शेणखत, शेतरस्त्यावरचा मुरूम हे सर्व घमेल्याने व फावड्याने हलविण्यास आज मजूर मिळत नाहीत. म्हणून या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसविण्याकडे कल वाढला आहे, आणि बकेटच्या मापाचा प्रश्न गावापुढे आला आहे.

डोळ्यांची सवय आणि मापाची फसगत

जेसीबी कंपनीने १९७९ मध्ये भारतात उत्पादन सुरू केले. आज तिचे नाव हेच खोदाई-भराईच्या यंत्राचे सामान्यनाम होऊन बसले आहे. त्या यंत्राची पुढची बकेट सुमारे एक घनमीटर म्हणजे हजार लिटर मापाची असते, आणि यंत्राचे स्वतःचे वजन सात-साडेसात टनांच्या घरात असते. गावाच्या डोळ्यांना त्या बकेटची सवय झाली आहे. तिच्या शेजारी दीडशे लिटरची बकेट खेळण्यासारखी वाटते. परंतु मिनी ट्रॅक्टरचे वजन एक टनाच्या आसपासच असते, हे लक्षात घेतले म्हणजे ती बकेट त्याच्या अंगाला शोभेशीच आहे असे दिसून येईल.

मापाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पूर्वी धान्य पायलीने मोजले जाई, तेव्हा माप सपाट भरले की शीग लावून भरले, यावर व्यवहार ठरत असे. बकेटचेही तसेच आहे. तिला दोन मापे असतात. काठोकाठ सपाट भरल्यावर मावते ते एक, आणि वर शीग चढविल्यावर मावते ते दुसरे. दोन्हींत साधारणतः पाचव्या ते चौथ्या हिश्शाचा फरक पडतो. सपाट मापाने १५० लिटरची बकेट शीग लावल्यावर १८० लिटरपर्यंत माल उचलते. विक्रेता बहुधा शिगेचे माप सांगतो. गाळ भरतानाही शीग आपोआप चढते. म्हणून वजनाचा हिशेब नेहमी शिगेच्या मापावर करावा. दुकानदार माप सांगू शकत नसेल, तर दहा लिटरच्या बादलीने बकेटमध्ये कोरडी वाळू भरून बादल्या मोजाव्यात. अर्ध्या तासाचे हे काम आहे.

एकाच मापात निरनिराळी वजने

बकेटमध्ये किती लिटर मावते यापेक्षा त्या लिटरचे वजन किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चांगले कुजलेले, फारसे ओले नसलेले शेणखत दर लिटरला सुमारे अर्धा ते पाऊण किलो भरते. गहू वा सोयाबीन यांसारखे धान्य पाऊण किलोच्या आसपास असते. कोरडी भुसभुशीत माती सव्वा किलो, मुरूम व खडी दीड ते पावणेदोन किलो, ओला गाळ दीड ते पावणेदोन किलो, तर ओली वाळू दोन किलोच्या जवळ जाते. याचा अर्थ असा की, जी बकेट शेणखताच्या वेळी सव्वाशे किलो उचलते, तीच बकेट गाळाच्या वेळी साडेतीनशे किलोंच्या घरात जाते. बकेट तीच आणि चालकही तोच. वजन मात्र जवळजवळ तिप्पट होते.

वजन अंदाजाने धरण्याचे कारण नाही. जो माल हलवायचा, त्याची दहा लिटरची बादली भरून गावातल्या काट्यावर ठेवावी व रिकाम्या बादलीचे वजन वजा करावे. उरलेल्या किलोंना दहाने भागले की दर लिटरचे वजन मिळते. पाऊस पडून गेल्यावर हीच मोजणी पुन्हा करावी, कारण कोरड्या ढिगाचे वजन आणि भिजलेल्या ढिगाचे वजन यांत मोठे अंतर असते. काळ्या गाळाचा आणखी एक दुर्गुण आहे. तो ओला असताना बकेटच्या पाठीला चिकटून बसतो. बकेट उलटी केली तरी सर्व माल खाली पडत नाही. प्रत्येक खेपेस काही किलो परत येतात व पुढच्या खेपेच्या वजनात भर घालतात. म्हणून गाळासाठी खोल बकेटपेक्षा उथळ, तिरक्या पाठीची व गुळगुळीत पत्र्याची बकेट बरी. गाळ निथळून थोडा वाळल्यावर तो हलविणे त्याहूनही बरे.

पत्रकातील आकडा कोणाचा?

ट्रॅक्टरच्या छापील पत्रकात “उचलक्षमता ७५० किलो” असा काहीसा आकडा असतो. तो वाचून पुष्कळांची समजूत होते की पुढची बकेटही तेवढे वजन उचलील. ही समजूत चुकीची आहे. तो आकडा मागच्या हायड्रॉलिक लिफ्टचा असतो. ज्या लिफ्टला नांगर, रोटाव्हेटर वा कल्टिव्हेटर जोडतात तिचा. पुढच्या लोडरशी त्याचा संबंध नाही. लोडरची क्षमता लोडर बनविणाऱ्याकडून वेगळी लिहून घ्यावी लागते. ट्रॅक्टरची अधिकृत तपासणी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत व देशातील अन्य मान्यताप्राप्त संस्थांत होते. त्या अहवालांतील आकडे वाचतानाही ते कोणत्या लिफ्टचे आहेत हे पाहावे.

लोडरची क्षमता विचारताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, ही क्षमता किती उंचीवर? जमिनीजवळ लोडर जितके उचलतो तितके तो पूर्ण उंचीवर उचलीत नाही, आणि ट्रॉलीत माल टाकायचा तर उंचीवरचाच आकडा उपयोगी. दुसरी, ही क्षमता कोठे मोजली? बहुतेक वेळा ती बकेट ज्या पिनांवर लटकते त्या पिनांपाशी मोजलेली असते. प्रत्यक्षात मालाचे वजन पिनांच्या एक-सव्वा फूट पुढे असते, आणि तेथे क्षमता आणखी घटते. तिसरी, या आकड्यात बकेटचे स्वतःचे वजन धरले आहे काय? नसेल, तर ते वजा करावे लागते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. एका लोडरची पिनांपाशी, पूर्ण उंचीवर ४०० किलो क्षमता आहे असे समजू. माल पिनांच्या पुढे असल्यामुळे ती सुमारे ३३५ किलोंवर येते. बकेट ९० किलोची असल्यास मालासाठी उरतात २४५ किलो. गाळाचे वजन दर लिटरला १.७ किलो धरले तर २४५ किलोंत केवळ १४४ लिटर गाळ बसतो. म्हणजे गाळासाठी बकेट शिगेच्या मापाने १४० लिटरची हवी. त्याच लोडरला शेणखतासाठी, दर लिटरला ०.६ किलो धरून, वजनाच्या दृष्टीने ४०० लिटरची बकेटही चालेल. चारशे किलोंचा लोडर म्हणून ज्याने २०० लिटरची बकेट घेतली, त्याने गाळाच्या वेळी ३४० किलो माल भरला, म्हणजे मर्यादेपेक्षा सुमारे शंभर किलो अधिक.

अशा वेळी लोडर उचलत नाही, आणि मग मेकॅनिकला बोलावून रिलीफ व्हॉल्व्ह आवळला जातो. हा व्हॉल्व्ह तेलाचा दाब ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून बसविलेला असतो. तो आवळला की बकेट उचलली जाते, पण नळ्या, सिलिंडर, पंप आणि सांगाडा यांवर त्यांना न झेपणारा ताण येतो. व्हॉल्व्हने दिलेला नकार हा यंत्राने दिलेला इशारा असतो. तो बंद करणे म्हणजे संकट टाळणे नव्हे.

तरफेचा नियम

आता अधिक गंभीर भागाकडे वळले पाहिजे. लोडरने वजन उचलले म्हणजे ट्रॅक्टरने ते पेलले असे होत नाही. शाळेच्या विज्ञानात तरफेचा नियम शिकविला जातो: टेकूच्या एका बाजूचा भार गुणिले अंतर, दुसऱ्या बाजूच्या भार गुणिले अंतराशी तोलला जातो. बकेट भरलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढचा आस हा टेकू असतो. पुढे बकेट आणि माल, मागे ट्रॅक्टरचे मागचे अंग.

समजा, बकेट न लावलेल्या अवस्थेत ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर ५५० किलो भार आहे आणि दोन आसांतील अंतर १.५ मीटर आहे. बकेट पुढच्या आसापासून १.२ मीटर पुढे आहे. १४० लिटरच्या बकेटमध्ये गाळ भरला की बकेटसह सुमारे ३३० किलो होतात. तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवरचा २६४ किलो भार उचलला जातो आणि २८६ किलो उरतो. बकेट २०० लिटरची असेल, तिचे स्वतःचे वजन १०० किलो व गाळ ३४० किलो असेल, तर ३५२ किलो भार उचलला जाऊन मागे केवळ १९८ किलो उरतो. त्याच वेळी पुढच्या आसावर ४४० किलो नव्हे, तर ४४० अधिक ३५२, म्हणजे ७९२ किलो जादा भार पडतो. पुढचा आस, त्याची बेअरिंगे व टायर यांसाठी तो बनविलेला आहे काय, हे विचारल्याशिवाय मोठी बकेट बसविणे धोक्याचे ठरते.

मागची चाके हलकी होणे याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सर्वसाधारण ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात. चाकावर भार नसेल तर ब्रेक लागूनही चाक घसरते. उतारावर भरली बकेट घेऊन उतरणारा ट्रॅक्टर थांबेनासा होतो तो यामुळेच. शिवाय पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर डुलतो. त्यामुळे आडव्या तोलाला तो विशेष आधार देत नाही. ट्रॅक्टरचा आधार मागची दोन चाके आणि पुढची ती खिळी अशा त्रिकोणावर असतो. बकेट उंच धरून वळण घेतले, किंवा एक चाक बांधावर चढले, की तोल त्या त्रिकोणाबाहेर जातो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. मिनी ट्रॅक्टरला चालकाच्या डोक्यावर संरक्षक कमान नसेल तर अशा अपघातात चालक यंत्राखाली सापडतो.

यावर उपाय मागच्या वजनाचा आहे. मागच्या लिफ्टला, मागच्या आसापासून पाऊण मीटर मागे २०० किलोंचे वजन जोडले तर वरच्या उदाहरणात मागच्या चाकांवर ३०० किलो भार वाढतो व पुढच्या आसावरचा १०० किलो कमी होतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्यानेही तोल सुधारतो, परंतु त्याने पुढच्या आसावरील भार कमी होत नाही. म्हणून लिफ्टला जोडलेले वजन अधिक उपयुक्त. काँक्रीटने भरलेली लोखंडी पेटी किंवा लिफ्टला पेलेल असे एखादे जड अवजार यासाठी पुरते. एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. मागचे वजन हे योग्य मापाच्या बकेटला सुरक्षित करण्यासाठी आहे. अवाजवी मोठ्या बकेटला परवानगी देण्यासाठी नव्हे.

माती हलविणाऱ्या मोठ्या चाकी यंत्रांच्या बाबतीत जगभर एक दंडक पाळला जातो. ज्या वजनाला यंत्र कलंडू लागते, त्याच्या निम्म्याहून अधिक वजन कामासाठी धरायचे नाही. ती यंत्रे त्याच कामासाठी घडविलेली असतात. नांगरणी-फवारणीसाठी घडविलेल्या आणि नंतर लोडर बसविलेल्या लहान ट्रॅक्टरने त्यापेक्षा कमी सावध असण्याचे कारण नाही.

नऊ मिनिटांचा हिशेब

मोठ्या बकेटचा आग्रह वेळ वाचावा म्हणून धरला जातो. तेव्हा वेळेचाही हिशेब पाहावा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २,८३० लिटर. १४० लिटरच्या बकेटने एक ब्रास गाळ हलविण्यास सुमारे २० खेपा लागतात. २०० लिटरच्या बकेटने १४. एका खेपेस दीड मिनिट धरल्यास ब्रासमागे ६ खेपा, म्हणजे ९ मिनिटे वाचतात. दिवसाकाठी पाच ब्रास काम झाले तर पाऊण तास. त्या पाऊण तासासाठी पुढचा आस, पंप आणि चालकाचा जीव पणाला लावायचा काय, असा हा साधा सवाल आहे. जड बकेट सावकाश उचलली जाते, सावकाश वळते आणि मध्येच माल सांडते, हे धरले तर प्रत्यक्षात तेवढाही वेळ वाचत नाही.

रुंदी कशी ठरवावी?

लिटरच्या मापाबरोबर रुंदीचे मापही ठरवावे लागते. बकेटची रुंदी पुढच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा किंचित अधिक, निदान तितकी तरी असावी. ती कमी असल्यास चाके न साफ केलेल्या ढिगावर चढतात व ट्रॅक्टर डगमगतो. ती फार अधिक असल्यास एका टोकाला दगड वा खोड अडकताच सगळा सांगाडा पिळवटतो. मिनी ट्रॅक्टरसाठी चार फुटांच्या आसपासची बकेट सामान्यतः पुरेशी होते. बागेत चालवायचे असेल तर ओळीतील अंतरातून दोन्ही बाजूंस मोकळी जागा राहते काय, आणि ओळीच्या टोकाला वळता येते काय, हे दोरी लावून मोजावे. रुंदी ठरली की लिटरचे माप खोली व उंची कमी-अधिक करून जुळविता येते. गाळाच्या बकेटची रुंदी तीच ठेवून खोली कमी करावी, हा त्यावरचा सोपा मार्ग आहे.

एक बकेट की दोन?

एकाच शेतकऱ्याला शेणखतही हलवायचे असते आणि गाळही. अशा वेळी दोन मार्ग आहेत. एकच बकेट घ्यायची असेल तर ती सर्वांत जड मालाच्या हिशेबाने घ्यावी. शेणखताला खेपा अधिक लागतील, पण धोका राहणार नाही. पिना काढून बकेट बदलण्याची सोय असेल आणि शेणखताचे काम मोठे असेल, तर जड मालासाठी लहान व हलक्या मालासाठी मोठी अशा दोन बकेट ठेवाव्यात. मोठ्या बकेटवर “फक्त शेणखत व धान्य” असे रंगाने ठळक लिहावे. “मोठी बकेट घेऊ व गाळाच्या वेळी अर्धीच भरू” हा तिसरा मार्ग बोलायला सोपा, पाळायला अवघड. ढिगात घुसलेली बकेट किती भरावी हे घाईच्या वेळी चालकाच्या हाती राहत नाही, आणि ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्या गावी गेला की ती अट कोणालाच ठाऊक नसते.

जालना शहर पोलादी सळ्यांच्या उद्योगासाठी राज्यात प्रसिद्ध आहे आणि लोखंडी कामाची लहान दुकाने जिल्हाभर आहेत. बकेट स्थानिक कारागिराकडून करून घेण्यास हरकत नाही. तथापि पुढची पाती कठीण पोलादाची असावी, पत्रा गरजेपेक्षा जाड नसावा आणि लोडरचा सांगाडा त्या विशिष्ट ट्रॅक्टरसाठी आखलेला असावा. पत्र्याच्या जाडीने वाढलेला प्रत्येक किलो मालाच्या वाट्यातून वजा होतो.

पंचायत, अधिकारी आणि शाळा

सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर व त्याची उपसाधने देण्यात आली आहेत. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या साहाय्याने गावोगावी अवजारे बँकाही उभ्या राहिल्या. अशा गटांच्या दृष्टीने ट्रॅक्टर हीच मोठी मत्ता असते. आस मोडून तो हंगामात उभा राहिला, तर गटाचे भाडे बुडते, दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो आणि सभासदांचा एकमेकांवरचा विश्वासही डळमळतो. बचत गटांना मिळालेले ट्रॅक्टर ९ ते १८ अश्वशक्तीचे, म्हणजे आकाराने आणखी लहान असतात. त्यांना लोडर बसवावा की नाही, हाच प्रश्न उत्पादकाला आधी लेखी विचारावा. उत्तर नकारार्थी आले तर मागच्या लिफ्टला जोडावयाचे सपाटीकरणाचे पाते व ट्रेलर यांवर समाधान मानावे.

लोडर खरेदीचा प्रस्ताव ग्रामपंचायतीकडे वा गटाकडे आला, तर त्याला पाच ओळींचे एक टिपण जोडण्याचा आग्रह धरावा. सर्वांत जड माल कोणता व त्याचे दर लिटर वजन किती? पूर्ण उंचीवर, बकेटचे वजन वजा करून, लोडरची क्षमता किती? त्यावरून बकेटचे शिगेचे माप किती लिटर? पुढच्या आसाला उत्पादकाने किती भार मान्य केला आहे? मागे किती वजन जोडणार? ही पाच उत्तरे लेखी नसतील तर प्रस्ताव अपुरा समजावा. विस्तार अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी बकेट आहे की नाही एवढेच न पाहता, तिच्यावर लिटर व किलोंची मर्यादा रंगविली आहे की नाही हेही पाहावे.

चालकाच्या बाबतीत चार नियम पुरेसे आहेत. भरली बकेट जमिनीपासून फूट-दीड फुटापेक्षा उंच धरून चालू नये. ती ट्रॉलीपाशी गेल्यावरच उचलावी. उतारावर भरलेली बकेट नेहमी चढाच्या बाजूस असावी. म्हणजे चढताना पुढे आणि उतरताना मागे चालवावे. उचललेल्या बकेटखाली कोणी उभे राहू नये आणि बकेटमध्ये माणूस बसवून नेऊ नये. काम संपले की बकेट जमिनीवर टेकवूनच इंजिन बंद करावे.

शिक्षकांनाही या कामी मोठा वाटा उचलता येईल. घनफळ, घनता आणि तरफ हे तिन्ही पाठ पुस्तकात आहेतच. शाळेच्या पटांगणात एक बादली गाळ, एक बादली शेणखत आणि एक काटा ठेवला, तर मुले स्वतः वजन करून पाहतील. घरी गेल्यावर तोच हिशेब ती वडिलांच्या ट्रॅक्टरला लावतील. शेतकऱ्याच्या मुलाने विचारलेला “दादा, आपल्या बकेटीत गाळ किती किलो मावतो?” हा प्रश्न पुष्कळ परिपत्रकांपेक्षा अधिक परिणामकारक ठरेल.

तलावातला गाळ ही जिल्ह्याची संपत्ती आहे आणि ती शेतापर्यंत पोहोचविणारे लहान यंत्र हे शेतकऱ्याचे भांडवल आहे. बकेट मालाच्या वजनाने, लोडरच्या खऱ्या क्षमतेने आणि ट्रॅक्टरच्या तोलाने ठरवावी. डोळ्यांच्या सवयीने ठरवू नये. येत्या उन्हाळ्यात गाळाची कामे सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या लोडरची बकेट एकदा मोजावी, बादलीभर गाळ काट्यावर ठेवावा आणि आलेला आकडा बकेटवर रंगवावा. एवढे काम कोणत्याही अनुदानाविना आणि एका सकाळीत होण्यासारखे आहे.